हातमोजा उष्णतारोधक आहे, पण जलरोधक आहे का?

ओव्हनमधला २०० अंश सेल्सिअसचा ट्रे जाड सुती हातमोज्याने आरामात उचलता येतो. तोच हातमोजा ७० अंशांच्या पाण्याने भिजला, तर हात पोळायला काही सेकंद पुरतात. घरी बिअर बनवणाऱ्यांनी हातमोजे घेताना हा फरक आधी समजून घ्यायला हवा, कारण त्यांच्या कामातली उष्णता बहुतेक वेळा ओलीच असते.

ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारी परवान्याची अट १९६३ मध्ये काढून टाकली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने या छंदाला वाट मोकळी करून दिली. कृती साधारण अशी असते: मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले बार्ली, म्हणजे माल्ट, सुमारे ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातल्या स्टार्चची साखर होते. हा गोड द्रव, म्हणजे वर्ट, गाळून घेतात आणि हॉप्स घालून तासभर उकळतात. मग तो २० अंशांच्या आसपास आणून त्यात यीस्ट घालतात. घरगुती छंदात एका वेळी साधारण ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर करण्याची पद्धत आहे. एवढा उकळता, चिकट द्रव घरात हाताळायचा असतो.

कापड उष्णता अडवते ते मुख्यतः धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक उष्णतावाहक असते. कापड भिजले की हवेची जागा पाणी घेते आणि हातमोज्याचे संरक्षण संपते. शिवाय भिजलेला हातमोजा गरम पाणी त्वचेला चिकटवून ठेवतो. उघड्या हातावर उडालेला थेंब ओघळून तरी जातो.

त्वचा किती तग धरते, याचा पायाभूत अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. त्वचेचे तापमान ४४ अंशांवर राहिले तर इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना सुमारे पाच सेकंद आणि ७० अंशांना जेमतेम एक सेकंद. म्हणजे उकळी दूरच, माल्ट भिजवण्याचे पाणीसुद्धा भाजण्यासाठी पुरेसे आहे.

वाफ तर आणखी घातक. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी हातावर ४० अंशांपर्यंत निवताना ६० कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफ मात्र आधी पाण्यात रूपांतर होतानाच सुमारे ५४० कॅलरी देते आणि मग वरच्या ६० देते. एकूण दहापट!

धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. उकळी फुटताना फेस भसकन वर येऊन भांड्याबाहेर जातो. माल्ट पिशवीत भिजवला असेल, तर पिशवी उचलून पिळताना गरम वर्ट मनगटावरून कोपराकडे ओघळतो. वर्ट थंड करायला तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी सोडतात. दुसऱ्या टोकाने सुरुवातीला बाहेर पडणारे पाणी कढत असते.

आता निवड. केवलारचे विणलेले हातमोजे वितळत नाहीत, पण विणीतून द्रव आत शिरतो. वेल्डिंगचे चामडी हातमोजे कोरड्या कामाला उत्तम, पण चामडे पाणी शोषते. पातळ नायट्राइलचे हातमोजे पाणी रोखतात, उष्णता नाही. या कामाला योग्य ते निओप्रीनचे किंवा सिलिकॉनचे, आतून सुती अस्तर असलेले, कोपराजवळ पोहोचणारे आणि ओल्या हँडलवर घसरू नयेत म्हणून खरबरीत पृष्ठभागाचे हातमोजे.

युरोपीय मानक ‘ईएन ४०७’ चे चिन्ह असेल तर त्याखालच्या आकड्यांतला दुसरा पाहावा. तो गरम वस्तूच्या स्पर्शाविषयी असतो: १ म्हणजे १०० अंश, २ म्हणजे २५० अंश, आणि तेही किमान १५ सेकंदांपुरते. मात्र ही कोरड्या स्पर्शाची चाचणी आहे. उकळता द्रव आत शिरेल का, हे त्यातून कळत नाही. म्हणून द्रवरोधक असल्याचा उल्लेख वेगळा शोधावा.

माप किंचित सैल घ्यावे. द्रव आत गेलाच, तर हात झटकताच हातमोजा निघाला पाहिजे. हात वर करून काम असेल, तर बाहीचे टोक बाहेरून दुमडून ओघळ अडवावा. वापरण्याआधी थंड पाण्यात बुडवून कुठे भोक नाही ना, हे तपासावे.

तरीही भाजलेच, तर हातमोजा आणि अंगठी लगेच काढून भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. फोड मोठे असतील, तर डॉक्टरांकडे जावे.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे हातमोज्यांचा हा सल्ला मुख्यतः परदेशात, कायद्याच्या चौकटीत हा छंद जोपासणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. पण मोदकपात्राचे झाकण ओल्या फडक्याने उचलणाऱ्या प्रत्येक हाताला हेच विज्ञान लागू आहे. गरम भांड्याला हात लावण्याआधी फडके असो वा हातमोजा, तो कोरडा असल्याची खात्री करा; आणि काम उकळत्या द्रवाचे असेल, तर पाणी आत न येऊ देणारा हातमोजाच घ्या.