ताबा रखडलाय? व्यवहारातून बाहेर पडायचा हक्क तुमच्याकडे आहे

करारनामा काढा आणि ताब्याची तारीख शोधा. ती उलटूनही बिल्डरने ताबा दिला नसेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार तुम्ही व्यवहारातून बाहेर पडू शकता. भरलेले पैसे व्याजासकट परत मागता येतात. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जासाठीच्या आधार-व्याजदरापेक्षा) २ टक्के जास्त असतो.

‘परवानगी अडकली’, ‘कोर्टाची स्थगिती होती’ ही कारणं हमखास ऐकवली जातात. पण न्यूटेक या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं, की परताव्याचा हा हक्क बिनशर्त आहे आणि अशा सबबींनी तो अडत नाही. घर घेणाऱ्यासाठी याहून मोलाचा निकाल मला तरी माहीत नाही.

घर हवंच असेल, तर करार मोडू नका. ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा, तेही याच कलमात आहे.

बाहेर पडायचंच ठरवलंत, तर ‘वैयक्तिक कारणास्तव बुकिंग रद्द’ अशा मजकुरावर सही मात्र करू नका. मग रक्कम कापायला बिल्डरला निमित्त मिळतं. पत्रात ‘ताब्याला उशीर’ हेच कारण लिहा, पोच घ्या आणि दाद मिळाली नाही तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करा.