संत मार्टिनचा अर्धा झगा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवावा, तोच जर्मनीतल्या मराठी घरांत दुसरा कंदील येतो. मुलांनी किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, पुठ्ठ्यावर रंगीत पातळ कागद चिकटवून केलेला. ११ नोव्हेंबरच्या सुमारास अंधार पडला की काठीला तो अडकवून मुलं गाणी म्हणत निघतात. ऱ्हाइनकाठच्या गावांत पुढे घोड्यावर लाल झगा पांघरलेला मार्टिन असतो. शेवटी शेकोटीपाशी तो तलवारीनं झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देतो, आणि मुलांच्या हातात वेकमान पडतो: गोड पावाचा माणूस, मनुकांचे डोळे, मातीची चिलीम.

दरवर्षी हे पाहिलं की श्रीमंत बिशपनं घोड्यावरून गरिबाला दान दिलं, अशीच गोष्ट मनात बसते. काही ठिकाणी तर स्वाराला बिशपचाच वेश चढवतात. पण झगा कापला तेव्हा मार्टिन बिशप नव्हता. त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता. आजच्या हंगेरीत जन्मलेला, रोमन लष्करी अधिकाऱ्याचा हा मुलगा मनाविरुद्ध सैन्यात गेला होता. फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप तो बऱ्याच वर्षांनी, ३७१ मध्ये झाला.

सुल्पिसियस सेव्हरस यानं मार्टिनच्या हयातीतच त्याचं चरित्र लिहिलं. त्यात आमियाँ शहराच्या वेशीवरचा हा प्रसंग आहे, घोडा मात्र नाही. कडाक्याची थंडी आहे, आणि शस्त्रं नि अंगावरचा एक झगा यापलीकडे काही न उरलेला शिपाई आहे, कारण बाकीचं त्यानं आधीच वाटून टाकलं होतं. म्हणून अर्धा. मला त्यापुढचा तपशील जास्त भिडतो: तुकडा कापलेल्या झग्यातलं त्याचं ध्यान पाहून बघ्यांपैकी काही जण हसले. मिरवणुकीत हे हसू कुणी दाखवत नाही. दाखवायला हवं.

मग या सणाला ताटात येणारा भाजलेला हंस कुठून आला? लोककथा सांगते की बिशप व्हायचं नव्हतं म्हणून मार्टिन हंसांच्या खुराड्यात लपला आणि त्यांनी कलकलाट करून त्याला पकडून दिलं. सुल्पिसियसकडे हंस नाहीत. तिथे रुस्टिसियस नावाचा नागरिक बायको आजारी असल्याचं सांगून, तो राहत होता त्या मठातून त्याला बाहेर काढतो आणि वाटेत दबा धरून बसलेले लोक त्याला शहरात घेऊन जातात. मळके कपडे, विस्कटलेले केस, असा माणूस बिशप कसा चालेल, अशी कुरकुर काही बिशपांनी केली; लोकांनी ऐकलं नाही.

हंसाचा संबंध शेतीच्या वर्षाशी आहे. मार्टिनच्या दिवशी कुळं जमीनमालकाचा खंड चुकता करत, पुष्कळदा हंसाच्या रूपात. त्यानंतर नाताळपूर्व उपवासाचा काळ लागे, म्हणून आदल्या दिवसांत सामिष खाऊन घ्यायचं. श्रावणाआधीची आपली गटारी आठवावी. तारखेमागेही वेगळंच कारण आहे: संतांचा सण बहुधा मृत्युदिनी असतो, पण मार्टिन ३९७ मध्ये ८ नोव्हेंबरला वारला. ११ तारीख दफनाची.

हा सण फक्त कॅथलिकांचा, हेही खरं नाही. प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर १० नोव्हेंबर १४८३चा. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला म्हणून त्याला या संताचं नाव मिळालं. एर्फुर्टच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात १० तारखेला दोन्ही पंथांची मुलं एकत्र कंदील घेऊन जमतात.

पण मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच समजुतीची. मार्टिन म्हणजे मवाळ, दयाळू गृहस्थ, आणि जर्मनीशी त्याचं नातं कंदिलांपुरतं, असं लोक धरून चालतात. त्याच्या आयुष्यातले दोन कठीण दिवस याच भूमीवर उगवले.

पहिला ऱ्हाइनकाठी वोर्म्सला. लढाईच्या आदल्या दिवशी रोमन सीझर ज्युलियन सैनिकांना बक्षिसी वाटत होता. मार्टिननं ती नाकारली आणि सैन्य सोडण्याची परवानगी मागितली. भ्याड म्हटल्यावर तो म्हणाला की उद्या निःशस्त्र सर्वांच्या पुढे उभा राहतो. त्याला कोठडीत टाकलं. सकाळी शत्रूचेच दूत तह मागत आले.

दुसरा ट्रियरला, सम्राट मॅक्सिमसच्या दरबारी. मेजवानीत सम्राटानं पेला आधी मार्टिनकडे पाठवला, तो त्याच्या हातून आपल्याकडे येईल या अपेक्षेनं. मार्टिन प्यायला आणि पेला त्यानं आपल्याबरोबरच्या साध्या धर्मगुरूला दिला. याच दरबारात स्पेनचा बिशप प्रिसिलियन याच्यावर खटला चालू होता आणि काही बिशपच त्याच्या जिवावर उठले होते. धर्ममताच्या वादात रक्त सांडू नये, म्हणून मार्टिननं सम्राटाकडून शब्द घेतला. त्याची पाठ वळताच, ३८५च्या सुमारास, प्रिसिलियनचं डोकं उडवलं गेलं.

मार्टिन पुन्हा ट्रियरला आला. आता प्रिसिलियनच्या अनुयायांना हुडकायला स्पेनमध्ये अधिकारी निघणार होते. ते थांबवण्याची किंमत एकच होती: त्या बिशपांबरोबर प्रार्थनाविधीला उभं राहायचं. तो एकदा उभा राहिला. परतीच्या वाटेवर, आजच्या लक्झेंबर्गमधल्या रानात, बरोबरच्यांना पुढे पाठवून तो एकटाच स्वतःला दोष देत बसला. त्यानंतर मरेपर्यंत तो बिशपांच्या एकाही परिषदेला गेला नाही.