नवगावचे आजोबा, कोकणची आजी

दिव्याच्या फलाटावर रोह्याची गाडी लागली की मला वर्गाचे हजेरीपुस्तक आठवते. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर! मराठी माणसाचे आडनाव म्हणजे निम्मा पत्ताच.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दिवेकर म्हणजे आपल्या दिव्याचे ना?" मी म्हटले, "नाही गं, ते श्रीवर्धनकडच्या दिवेआगरचे. आणि त्यांतले काही शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून प्रार्थना करणारे!"

वाचकहो, हे बेने इस्रायल. त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, गावांवरून आडनावे घेतली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ठाण्यात त्यांचे 1879 सालचे प्रार्थनामंदिर आजही आहे.

1948 नंतर यांतले पुष्कळजण इस्रायलला गेले. तेथे 1962 साली धर्मपीठाने फर्मान काढले, की लग्नापूर्वी यांची वंशावळ तपासावी! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारचा घाणा थांबवला, त्यांनाच पुरावा मागितला गेला. घरोघरी कसली कागदपत्रे असणार? निषेध झाले, आणि अखेर 1964 मध्ये तिथल्या संसदेला जाहीर करावे लागले, की हे सर्वार्थाने यहुदीच आहेत.

कागद नव्हता; पण रक्तात नोंद होती. डीएनए आपल्याला निम्मा आईकडून, निम्मा वडिलांकडून मिळतो. दोन माणसांत त्याचे लांबलचक तुकडे सारखे निघाले, तर त्यांचा पूर्वज जवळचा. तुकडे आखूड, तर दूरचा. सख्ख्या चुलत भावंडांत सुमारे साडेबारा टक्के जुळणी असते. मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच सोयरीक करणाऱ्या समाजात दूरचा नातलगही जवळचा भासतो. म्हणून नुसत्या जुळणीवर भाळू नये. आधी आजीला विचारावे!

2016 साली संशोधकांनी अठरा बेने इस्रायलांचा डीएनए तपासला. इतर भारतीयांपेक्षा यहुदी समाजांशी त्यांची जुळणी अधिक निघाली, आणि भारतीय वारसाही भरघोस निघाला. हा मिलाफ 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे सुमारे साडेसहाशे ते हजार वर्षांमागचा. गलबत कधी फुटले, हे मात्र त्यावरून ठरत नाही. दोन घराणी एक कधी झाली, एवढेच कळते.

पण मला मोहवले ते पुढच्या निष्कर्षाने. यहुदी वारसा मुख्यतः पुरुषांकडून आला होता, भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून. आजोबा समुद्रापलीकडचे, तर आजी इथलीच!

पुढे इस्रायलमध्ये याच मंडळींनी एक मराठी नियतकालिक काढले. त्याचे नाव 'मायबोली'. मी इतकी वर्षे मराठी शिकवतो. पण या शब्दाचा अर्थ असा शब्दशः खरा झालेला पहिल्यांदाच पाहिला. धर्मपीठाने विचारले, "तुमची आई कोण?" उत्तर मात्र त्यांच्या जिभेवर केव्हापासूनच होते.