गुरांचा बाजार कीं रोगाचा बाजार?

बैलबाजाराच्या दिवशीं दाव्याला बांधलेला एखादा उमदा बैल तोंडांतून लाळेच्या तारा सोडीत, एक पाय उचलून उभा असतो. गिऱ्हाइकानें विचारलें तर, "रात्रभर टेंपोंत उभा होता, दमला आहे," असें ठरीव उत्तर मिळतें. सौदा पटतो, बैल दुसऱ्या तालुक्यांत जातो, आणि आठ-दहा दिवसांत तेथील गोठ्यागोठ्यांत लाळ्या-खुरकुताचा रोग शिरतो. हा प्रकार आमच्या व्यापारी वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. म्हणून त्यांसच दोन शब्द स्पष्टपणें सांगणें आम्हांस भाग आहे.

गुरांच्या सांथीपुढें मनुष्याचा इलाज नाहीं, असें म्हणण्याची आतां सोय राहिलेली नाहीं. बुळकांडीनें एके काळीं गांवेंच्या गांवें बैलांवांचून ओस पाडलीं. गुरांच्या रोगांचा अभ्यास करण्याकरितां सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं आपल्या पुण्यासच स्थापन झाली व १८९३ सालीं ती कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. तेथील संशोधकांच्या लशी, १९५४ सालची देशव्यापी मोहीम आणि खेडोपाडीं हिंडणारे पशुवैद्य यांच्या जोरावर १९९५ नंतर आपल्या देशांत बुळकांडी दिसली नाहीं. २०११ सालीं तर ती पृथ्वीवरूनच नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. मनुष्याच्या देवीखेरीज दुसऱ्या कोणत्याही रोगाची अशी गत आजवर झालेली नाहीं.

लाळ्या-खुरकूत मात्र अधिक लबाड आहे. बुळकांडीची चांगली लस एकदां टोंचली कीं पुष्कळ वर्षांचें काम होई, आणि तींतून वांचलेलें जनावर रोग बाळगीत नसे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूच्या ओ, ए आणि एशिया-१ अशा तीन जाती आपल्याकडे आढळतात, व एकीची लस दुसरीस चालत नाहीं. तिन्हींची मिळून लस टोंचली तरी तिचा जोर कांहीं महिन्यांत ओसरतो. म्हणूनच २०१९ च्या राष्ट्रीय कार्यक्रमांत ती दर सहा महिन्यांनीं टोंचण्याचें ठरलें. शिवाय चिन्हें दिसण्यापूर्वींच रोग बाहेर फैलावूं लागतो, आणि बऱ्या झालेल्या गाईच्या घशांत विषाणू कित्येक महिने दडून राहूं शकतो. मोठें जनावर सहसा मरत नाहीं, हीच यांतील खरी फसवणूक! वासरें हृदय बिघडून मरतात, दूध आटतें, बैल ऐन पेरणींत लंगडतो, संकरित गाय बरी झाल्यावरही उन्हांत धापा टाकते. पण दारांत प्रेत पडलेलें नसल्यामुळें ही तूट कोणी वहींत मांडीत नाहीं.

सांथ आली कीं देवीचा कोप समजून ती वेशीबाहेर घालवून देण्याची जुनी चाल आपण सुशिक्षित लोक हंसण्यावारी नेतों. परंतु आजारी बैल परक्या तालुक्याच्या बाजारांत विकणें म्हणजे तीच चाल नव्हे काय? फरक इतकाच, कीं हींत वर पैसे मिळतात.

माशा, डांस व गोचीड यांच्या दंशानें पसरणारा लंपी रोग २०२२ सालीं राज्यांत फैलावला, तेव्हां गुरांचे बाजारच बंद करावे लागले. त्या काळीं हात बांधून बसलेल्या दलालांस रोगाचा आणि आपल्या धंद्याचा संबंध कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. बाजार पुन्हां भरूं लागले, आणि तोंड उघडून जनावर पाहणारा पशुवैद्य पुष्कळ ठिकाणीं फाटकावर नाहींच.

सांसर्गिक रोगाची वर्दी देणें २००९ च्या कायद्यानें मालकावर बंधनकारक आहे. पण वर्दी देणाऱ्याचीं गुरें अडकून पडतात व लपविणारा त्याच आठवड्यांत विकून मोकळा होतो. हा उलटा न्याय सुलटा करणें बाजार समित्यांच्या हातीं आहे. कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी नंबर फाटकावर ताडून पाहावा. निदान तीन आठवड्यांपूर्वीं लस टोंचल्याची नोंद असल्याशिवाय जनावर आंत घेऊं नये, कारण आदल्या दिवशीं टोंचलेली लस बाजारांत उपयोगी पडत नाहीं. संशयित गुरांस वेगळें आवार आणि वेगळा हौद असावा. घेणाऱ्यानेंही नवें जनावर तीन आठवडे निराळें बांधावें. या सर्वांस लागणारा खर्च बाजाराच्या फीमधून काढण्यास समित्यांची हरकत असेल, तर ती त्यांनीं उघड सभेंत सांगावी.