पिनेची पाठ बघून घ्या

नोटांच्या पॅकेटला पिना मारू नका, कागदी पट्टी बांधा, असं रिझर्व्ह बँकेने 2001 साली सगळ्या बँकांना बजावलं. तोवर आम्ही कॅशियर मंडळी शंभर नोटा मोजून झाल्या की खटाखट पिना मारत होतो. गिऱ्हाईक त्या नखाने उपसायचं, नोटेचा कोपरा फाटायचा, आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर पिनेभोवती गंजाचा तांबूस डाग हमखास पडायचा. पिनेचे हे सगळे गुण मला नोकरीत कळले आणि निवृत्तीनंतर नाणी जमवताना उपयोगी पडले. कारण नोटांची पिनांतून सुटका झाली, तरी नाणी ठेवायच्या पुठ्ठ्याच्या होल्डरला आजही पिनाच मारतात.

हा होल्डर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मधोमध दुमडणारा पुठ्ठ्याचा एक तुकडा. मिटला की दोन इंच लांब, दोन इंच रुंद. म्हणून नाणेवाले त्याला ‘टू बाय टू’ म्हणतात. दोन्ही भागांना समोरासमोर गोल खिडकी आणि खिडकीला आतून पारदर्शक फिल्म. चांगल्या होल्डरची फिल्म पॉलिएस्टरची असते, तिला मायलर म्हणतात. तिचा नाण्याला काही उपद्रव होत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांब्याचं नाणं वर्षानुवर्षं राहिलं तर त्यावर हिरवट, चिकट थर धरू शकतो. तो प्रकार इथे नाही. खिडकी नाण्यापेक्षा दोनेक मिलिमीटर मोठी घ्यायची. 1947 चा निकेलचा रुपया 28 मिलिमीटरचा, त्याला 30 ची खिडकी बसते. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया साडेतीस मिलिमीटरचा, त्याला साडेबत्तीसची. नाणं मधोमध ठेवायचं, होल्डर मिटायचा आणि दुमडीची बाजू सोडून उरलेल्या तीन कडांना एकेक पिन मारायची. काम एवढंच.

मग स्टेपलर निवडायचा तो कशासाठी? घरातला कुठलाही चालेल की! पिन बसते सगळ्याच स्टेपलरने, पण तिचा खरा स्वभाव मागच्या बाजूला दिसतो. पुढून पिन सरळ, सपाट, सभ्य. होल्डर उलटा करा. साध्या स्टेपलरच्या खालच्या पट्टीवर दोन वक्र खाचा असतात. पिनेचे पाय त्या खाचांतून वळतात आणि विंचवाच्या नांगीसारखे कमानदार होतात. कागदांच्या गठ्ठ्याला त्याने काही फरक पडत नाही. होल्डर मात्र डब्यात एकाला एक चिकटून उभे असतात. एकाच्या पिनेची कमान दुसऱ्याच्या फिल्मवर टेकते. मधला एक होल्डर वर ओढला की शेजारच्या खिडकीवर चरा. होल्डर बदलता येतो, पण टोक फिल्म फाडून आत गेलं तर चरा नाण्यावर जातो, आणि तो कायमचा. ॲल्युमिनियमची नाणी तर फार नाजूक: सहा कोनांचे तीन पैसे, कातरलेल्या कडेचे दहा पैसे. त्यांच्यावर लोखंडी टोक नुसतं घासलं तरी रेघ उमटते.

म्हणून स्टेपलर घ्यायचा तो ‘फ्लॅट क्लिंच’ प्रकारचा. त्याच्या पोटात एक जादा करामत असते. साध्या स्टेपलरमध्ये पाय कागदातून बाहेर पडता पडताच वळायला लागतात. फ्लॅट क्लिंचमध्ये पाय आधी सरळ आरपार जातात आणि मग खालचा भाग हलून त्यांना काटकोनात मोडून पुठ्ठ्यावर निजवतो. पिनेची पाठ पुढच्या बाजूइतकीच सपाट. डब्याची जाडीही कमी होते. ज्याच्याकडे शेकडो होल्डर आहेत त्याला हे लगेच कळतं, कारण साध्या पिनांचा डबा दुमडीच्या बाजूला बारीक आणि पिनांच्या बाजूला फुगलेला दिसतो. जपानच्या मॅक्स कंपनीचे असे स्टेपलर नावाजलेले आहेत. दुकानात नुसतं ‘चांगला स्टेपलर द्या’ म्हणू नका, ‘फ्लॅट क्लिंच आहे का’ असं स्पष्ट विचारा. खोक्यावर ते लिहिलेलं असतं.

आता पिनेचं माप. आपल्याकडे घरोघरी असतो तो ‘नंबर 10’. लुधियानाच्या कांगारो कंपनीचा तो छोटा स्टेपलर शाळेच्या दप्तरापासून किराणा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत सगळीकडे सापडेल. त्याच्या पिनेचे पाय पाच मिलिमीटरच्या आसपास. ऑफिसातल्या मोठ्या स्टेपलरला लागते 24/6 किंवा 26/6. यातला पहिला आकडा तारेच्या जाडीचा, आणि तो जितका मोठा तितकी तार बारीक. दुसरा आकडा पायांच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये. होल्डरसाठी नंबर 10 किंवा 26/6 पुरेशी. हौसेने 24/8 घेऊ नका. मिटलेला होल्डर जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. म्हणजे आठातले सात मिलिमीटर पाय मागे उरणार. दोन्ही पाय मिळून चौदा, आणि पिनेची रुंदी बाराच्या आसपास. पाय एकमेकांवर चढतात आणि सपाट स्टेपलरलाही उंचवटा येतो.

दुकानात जाताना रिकामा होल्डर आणि थोडा कापूस घेऊन जा. होल्डर मिटून कडेला एक पिन मारा आणि तिच्या पाठीवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा. कापसाचे तंतू टोकाला अडकले तर स्टेपलर परत द्या. बोटाला जे टोचत नाही ते कापसाला अडकतं. दुसरी खूण दाबण्यात. सपाट स्टेपलरचा दाब शेवटी एकदा ‘कट्’ असा बसतो. तो अर्धवट दाबला तर पाय अर्धेच मोडतात, आणि मग पैसे मोजून घेतलेली सोय वाया जाते.

पन्नासेक नाणी असणाऱ्याने नवा स्टेपलर घ्यायची गरज नाही. साध्या स्टेपलरने पिन मारा आणि पाठीवरून चपट्या तोंडाच्या पकडीने दाबा. वायरमनची दातेरी पक्कड नको, तिचे दात पुठ्ठ्यात रुततात. पकडीचं टोक खिडकीपासून लांब ठेवा. तीन-चार होल्डर झाले की हाताला सवय होते. काही स्टेपलरची खालची पट्टी फिरवता येते आणि मग पाय बाहेरच्या बाजूला वळतात. ती सोय तात्पुरत्या टाचणीसाठी आहे, होल्डरसाठी वापरू नका.

पिन कुठे मारायची हेही महत्त्वाचं. मोठ्या खिडकीच्या होल्डरला कडेच्या मध्यावर जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर पुठ्ठा उरतो, कोपऱ्याकडे मात्र भरपूर जागा असते. तिथे, कडेला समांतर मारा. दुमडीच्या समोरची कड आधी, म्हणजे नाणं सरकत नाही. आणि लिहायचं ते नाणं ठेवण्याआधीच लिहा: साल, धातू, टांकसाळ. सालाखाली चौकटच्या पत्त्यासारखी खूण म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, काहीच नाही तर कोलकाता. नाणं आत असताना वरून बॉलपेन चालवला की फिल्मवर जोर येतो.

सगळी नाणी मात्र यात मावत नाहीत. जाड पाच रुपये, किंवा शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची शिवराई, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीला ‘छत्रपति’, जाड आणि कडेने वेडीवाकडी. तिला होल्डरमध्ये कोंबलं तर फिल्म ताणते, पुठ्ठा तोंड वासतो आणि कितीही पिना मारल्या तरी मिटत नाही. तिला प्लॅस्टिकची गोल डबी म्हणजे कॅप्सूल बरी.

आमच्या कोकणात उरतो गंज. पिन लोखंडी तारेची, वर जस्ताचा मुलामा. पण तार जिथे तोडलेली असते त्या दोन टोकांना मुलामा नसतो, म्हणून गंज टोकापासून सुरू होतो. स्टेनलेस स्टीलच्या पिना मिळाल्या तर त्याच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळा सरला की पिनांवर नजर फिरवा. डिंकाने चिकटणारे बिनपिनेचे होल्डरही मिळतात. पण ते एकदाच बंद होतात. उघडले की पुठ्ठा फाटतो.

पिनेचा होल्डर उघडताना घाई करू नये. दोन भाग हिसकून वेगळे केले की सुटलेल्या पिनेचं टोक नेमकं नाण्यावरून फिरतं. आधी मागचे पाय पातळ पात्याने उभे करा, पिन पुढून ओढा, तिन्ही पिना टेबलावर मोजा आणि मगच होल्डर उघडा. जुना होल्डर पुन्हा वापरू नका. एका होल्डरची किंमत ती काय! 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 पासून चलनातून गेली, त्यामुळे तशा नाण्यांची नवी भर आता पडणार नाही. पुठ्ठा आणि पिना मात्र बाजारात कायम मिळतील.