सावळ्या गालांची लाली

आमच्या एका मावशीच्या गालांवर चाळिशीत वांगाचे डाग पडले. शेजारणीने एका मलमाचं नाव सुचवलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने काही न विचारता ट्यूब काढून दिली. पंधरा दिवसांत मावशीचा चेहरा असा काही उजळला, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिला क्रीमचं नाव विचारू लागल्या. तिनेही ते वाणासारखं वाटलं. पुढे सातआठ महिन्यांनी एक दिवस ट्यूब संपली आणि आणायची राहून गेली. तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद. चुलीत वाकून फुंकर घातल्यासारखी भगभग, गालांवर बारीक पुळ्या, साधं पाणी लागलं तरी चुरचुर. नवी ट्यूब आणून लावली, तासाभरात सगळं शांत. मावशीने निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता: ही क्रीम आपल्याला मानवते, ती बंद करायची नाही.

पुढे ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे आम्ही तिला नेलं, त्यांनी चेहऱ्याआधी ट्यूब मागितली. बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "हिच्यात स्टेरॉइड आहे. वांग राहू दे बाजूला, आता आधी हिचं व्यसन सोडवायचं."

व्यसन हा शब्द त्यांनी गमतीने वापरला नव्हता. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिझोन 1952 साली अमेरिकेत आलं. इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत या औषधांनी खरोखर क्रांती केली, आणि योग्य जागी, योग्य दिवस लावली तर आजही त्यांच्यासारखं औषध नाही. पण ती रक्तवाहिन्या आकसवतात. 1962 पासून स्टेरॉइड मलमाचा जोर जोखायची एक प्रमाण पद्धतच अशी आहे, की ते लावल्यावर कातडी किती पांढरी पडते ते पाहायचं. मावशीचं 'उजळणं' ही त्या औषधाच्या जोराची मोजपट्टी होती. महिनोन् महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, खालच्या केसासारख्या रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, बायकांच्या हनुवटीवर लव वाढते. बंद केलं की आवळून धरलेल्या वाहिन्या एकदम फुलतात. वांगावरच्या एका प्रसिद्ध मिश्रणात स्टेरॉइड आहेच. अमेरिकन त्वचातज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी ते 1975 साली मांडलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन अशी ती तिकडी. आपल्याकडे तिची थोरलीधाकटी भावंडं चिठ्ठीशिवाय गल्लोगल्ली पोचली, आणि मोजके आठवडे लावायचं औषध रोजची स्नो-पावडर होऊन बसलं.

कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचं नाव दिलं आणि ते वैद्यकीय नियतकालिकांत रुळलं. देशातल्या 12 केंद्रांवरचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर सोडून भलत्याच कुणीतरी सुचवलं होतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने पाठपुरावा केला. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बंद. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला शेड्यूल वाचून माल देतो की गिऱ्हाइकाचं तोंड बघून, हे वाचकांना मी सांगायला नको.

चेहऱ्याच्या लालीचा जगभर ठाऊक असलेला आजार मात्र वेगळा आहे: रोझेशिया. नाव गुलाबावरून आलेलं, काम काट्याचं. नाक, गाल, कपाळ, हनुवटी या मधल्या पट्ट्यात आधी येतीजाती लाली, मग ठाण मांडून बसलेली, मग पुळ्या. काहींच्या डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं खुपतं. क्वचित, बहुतेक पुरुषांत, नाकाची कातडी जाड होऊन गाठी येतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिर्लांदायोने 1490 च्या सुमारास रंगवलेलं आजोबा-नातवाचं चित्र आहे. त्यातल्या आजोबांचं नाक अगदी असंच आहे, आणि नातू त्या नाकाकडे दुर्लक्ष करून आजोबांच्या डोळ्यांत बघतोय. चित्राबाहेरचं जग इतकं दयाळू नसतं. लाल नाक म्हणजे दारू, हा ग्रह युरोपात शतकानुशतकं टिकला. दारूने लाली भडकते हे खरं, पण थेंबही न घेणाऱ्यांना हा आजार होतो. आपल्याकडे एखाद्या माळकऱ्याचं नाक लाल झालं तर पारावर काय बोललं जाईल, ते ओळखणं अवघड नाही.

हा गोऱ्या कातडीचा आजार, असं पाठ्यपुस्तकांनी इतकी वर्षं शिकवलं की सावळ्या चेहऱ्यावर तो दिसेनासाच झाला. लाल रंग गव्हाळ कातडीत तांबूस, काळसर किंवा जांभळट होऊन मुरतो. पेशंट सांगते "तोंड पेटतंय", समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि मग निदान होतं मुरूम, उष्णता, पित्त किंवा "टेन्शन घेऊ नका". अनुभवी डॉक्टर काचपट्टी दाबून वाहिन्या रिकाम्या होतात का ते पाहतात, हाताच्या पाठीने गालाची ऊब तपासतात, आणि मुख्य म्हणजे ऐकतात. मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही. हुळहुळणं, चुरचुरणं, भगभगणं, झोंबणं, चरचरणं: या प्रत्येकाची जागा निराळी. ज्याला इंग्रजीत 'सेन्सिटिव्ह स्किन' म्हणून बाटलीवर छापतात, त्याची तज्ज्ञांची व्याख्यासुद्धा दिसण्यावर नव्हे, अशा जाणिवांवरच बेतलेली आहे. एरवी ज्याने काही होऊ नये त्याने झोंबणं, जळणं, खाजणं. मग लाली दिसो वा न दिसो.

लाली भडकते कशाने, याची यादी प्रत्येकाची वेगळी, पण ऊन, उष्णता, तिखट, दारू आणि मनस्ताप बहुतेकांच्या यादीत असतात. तिखटाची गोष्ट मोठी मजेची आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन आणि सुमारे 43 अंशांपुढची उष्णता मज्जातंतूंच्या एकाच दारावर थाप मारतात. ते दार 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांनी हुडकलं आणि 2021 चं नोबेल त्यासाठी त्यांच्या वाट्याला आलं. ठेच्याने कान तापतात असं आपण म्हणतो, ते मज्जातंतूंच्या हिशेबी अक्षरशः खरं. रोझेशियात हे दार जरा जास्तच सैल असतं.

चहाचं मात्र उगाच नाव खराब झालं. 1981 साली एका संशोधकाने रोझेशियाच्या रुग्णांना 60 अंशांची कॉफी दिली, तितकंच गरम नुसतं पाणी दिलं, थंड कॉफी दिली आणि नुसतं कॅफीनही दिलं. तोंड लाल झालं ते गरम कॉफीने आणि गरम पाण्याने. थंड कॉफी आणि कॅफीन निर्दोष सुटले. दोष पेयाचा नाही, उष्णतेचा. मराठी माणसाला चहा सोडायला सांगणारे डॉक्टर मला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहेत, तेव्हा हा प्रयोग वाचून मला झालेला आनंद निव्वळ शास्त्रीय नव्हता.

औषधांत आपल्या ओळखीचे चेहरे निघतात. जुलाब-मुरड्यावर घरोघरी गिळलं जाणारं मेट्रोनिडॅझोल इथे जेल होऊन गालावर येतं. चेहऱ्याच्या रंध्रांत डेमोडेक्स नावाचे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे किडे आपणा बहुतेक मोठ्यांच्या अंगावर राहतात. रोझेशियात त्यांची वस्ती दाटते. त्यांच्यावर आयव्हरमेक्टिनची क्रीम चालते, तेच आयव्हरमेक्टिन, जे कोविडच्या काळात नको तिथे गाजलं. अझेलिक आम्लाचं मलम आहे, कमी मात्रेची डॉक्सिसायक्लिन आहे, वाहिन्यांवर लेसर आहे. सावळ्या कातडीवर लेसरवाल्याचा हात मुरलेला असावा लागतो, कारण ती किरणं रक्ताबरोबर कातडीचा रंगही शोषतो आणि भाजल्याचे डाग मागे राहू शकतात. काचबिंदूच्या थेंबांतलं ब्रिमोनिडिन 2013 पासून अमेरिकेत जेलच्या रूपात मिळतं. काही तास वाहिन्या आवळून लाली झाकतं, आणि काहींच्या बाबतीत उतरताना ती दुपटीने परत आणतं. मावशीची ट्यूब आठवते ना? माझं मत विचाराल तर लग्नाच्या फोटोपुरतं ठीक, रोज नको.

लाल चेहरा म्हणजे प्रत्येक वेळी रोझेशिया किंवा ट्यूब असं मात्र नाही. पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्याचा चेहरा, पापण्या, मान जाड, लाल आणि खाजरी झाली तर शहाणा डॉक्टर आधी बांधावरचं गाजरगवत विचारतो. हे गवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं ते 1950 च्या दशकाच्या मध्यावर, पुण्यातच. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सर्रास सांगतात, कुठे कुठे त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. त्यातलं पार्थेनिन हवेतल्या बारीक कणांवर बसून येतं. 1970 च्या दशकात पुण्याहून या त्वचारोगाचं सविस्तर वर्णन जगापुढे गेलं. ओळखायची खूण साधी आहे. नुसत्या उन्हाची बाधा वरच्या पापणीला, कानामागे, हनुवटीखाली सहसा शिवत नाही. हवेतून येणारं गवत तिथेही पोचतं. आणि गालांवर फुलपाखरासारखी लाली, नाकाच्या बाजूच्या घड्या मात्र सुटलेल्या, जोडीला सांधेदुखी, तोंड येणं, केस गळणं, बारीक ताप असं असेल तर क्रीमचा विचार सोडून रक्ततपासणी करावी. ते ल्युपस असू शकतं, आणि तो चेहऱ्यावर थांबणारा आजार नाही.

कुंकवाचंही तसंच. हळदीवर चुना किंवा टाकणखाराची प्रक्रिया करून केलेलं जुनं कुंकू वेगळं, आणि डबीतला आजचा भडक रंग वेगळा. त्यातल्या कृत्रिम रंगांनी कपाळावर काळा चट्टा पडल्याच्या नोंदी भारतीय त्वचातज्ज्ञांनी केल्या आहेत. टिकलीच्या गोंदाने पांढरा ठिपका पडतो तो आणखी निराळा.

मग करायचं काय? मावशीला डॉक्टरांनी काय लिहून दिलं यापेक्षा काय काढून घेतलं, ते जास्त लांबलचक होतं. ट्यूब तर गेलीच. लिंबू गेलं, टोमॅटोची फोड गेली, मुलतानी माती, स्क्रब, पार्लरचं ब्लीच, गुलाबपाणी, नातीने आणलेलं व्हिटामिन सीचं सीरम, सगळं गेलं. कातडीचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत, आणि मधला चुना स्निग्ध पदार्थांचा. कातडीचा सामू साधारण पाचाच्या आसपास, किंचित आंबट. साबणाच्या वडीचा नऊ-दहा, लिंबाचा दोनेक. एकीकडून साबण आणि दुसरीकडून लिंबू, मधल्या मधे भिंत पोखरते. राहिलं ते एवढं: कोमट पाणी, फेस न होणारं सौम्य क्लेन्झर, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर, आणि दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, निदान एसपीएफ 30 चं. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. नवी वस्तू एका वेळी एकच, तीही आधी आठवडाभर जबड्याच्या कडेला लावून.

पहिले दोन महिने वाईट गेले. चेहरा सुजायचा, रात्री झोप नाही, पोळ्या लाटायला गॅससमोर उभं राहवेना. डॉक्टरांनी मधे गोळ्या दिल्या, स्टेरॉइड नसलेलं दुसरं मलम दिलं, आणि फोनवर चारदा ओरडले, कारण मावशी चारदा जुन्या ट्यूबपाशी जाऊन आली होती. आरसा तिने उलटा करून ठेवला होता. पाचव्या महिन्यात लाली ओसरली. वांगाचे डाग थोडे परत आले. ते तिने राहू दिले. ज्यांना तिने ट्यूबचं नाव वाटलं होतं त्यांना एकेकीला गाठून "बंद कर" सांगण्यात तिचा बराच वेळ जात होता. दोघींनी ऐकलं, एक अजून रागावलेली आहे.

यंदाही नरकचतुर्दशीला पहाटे तिच्याकडे उटणं भिजेल. नागरमोथा, आंबेहळद, वाळा, गव्हला, संत्र्याची साल, सगळं घरी कुटलेलं. ते ती हातापायांना, पाठीला रगडून घेते, मानेशी थांबते. तोंडावर कोमट पाण्याचे दोन हबके. मग फराळाला बसते. चकली तिच्यापुरती बेताच्या तिखटाची, आणि चहा बशीत ओतून, फुंकर घालून. नातवंडं तिच्या बशीला हसतात. ती कप पुन्हा बशीत रिकामा करते आणि साय बाजूला सारून निवांत भुरका मारते.