मलवाहिनीची खोली उतार ठरवतो

काँक्रीटच्या रस्त्याखाली मलवाहिनी किती खोल असावी, याचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही. वाहनांच्या भाराने नळ फुटू नये म्हणून त्याच्या माथ्यावर साधारण 1 मीटर भराव ठेवण्याचा दंडक आहे. तेवढी जागा नसेल तर नळाभोवती काँक्रीट भरतात. पण हा दंडक निर्णायक ठरतो तो पहिल्या मॅनहोलपाशी. तिथून पुढची खोली उतार ठरवतो.

मलजल उतारावरून आपल्या भाराने वाहते. केंद्र सरकारच्या मलनिस्सारण मार्गदर्शिकेनुसार त्याचा वेग सेकंदाला किमान 0.6 मीटर हवा. वेग मंदावला की गाळ बसतो आणि वाहिनी तुंबते. 200 मिलिमीटरच्या नळाला हजार मीटरला 4 मीटर उतार दिला, तर सपाट रस्त्याखाली मीटरभर भरावाने निघालेल्या वाहिनीचा तळ किलोमीटरभराने 5 मीटरहून खोल जातो. मोठ्या व्यासाला कमी उतार पुरतो. तरी खोली परवडेनाशी झाली की उदंचन केंद्र उभारून मलजल वर उचलावे लागते.

मुंबईच्या उपनगरांत हे गणित वॉर्डागणिक बदलते. मुलुंड-भांडुपला डोंगराकडून ठाणे खाडीकडे जमीनच उतरती असल्याने वाहिनी फार खोल न्यावी लागत नाही. तिथे वेग आवरावा लागतो. दोन वाहिन्यांच्या पातळीत 600 मिलिमीटरहून अधिक फरक पडला की मलजल उभ्या नळाने खाली उतरवणारा ड्रॉप मॅनहोल बांधतात. अंधेरीत एकीकडे गिल्बर्ट हिलचा काळा बेसॉल्ट, तर वर्सोव्याकडे खाडीची चिकणमाती. खडकात चर खणणे महाग पडते. चिकणमातीत चराच्या भिंती ढासळतात, भूजल आत शिरते आणि हलका प्लास्टिकचा रिकामा नळ वरच्या दिशेने उचलला जातो. त्याला खाली दाबून ठेवण्यासाठीही पुरेसा भराव हवा.

खोलीचे धोकेही आहेत. नळ जितका खोल, तितका त्यावर मातीचा भार अधिक आणि चाकांच्या भाराचा परिणाम कमी. म्हणून खोल नळाची जाडी व त्याखालचा बिछाना दोन्ही भक्कम लागतात. दीड मीटरहून खोल चराला आधारफळ्या लावल्याशिवाय मजूर उतरवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. खोल मॅनहोलमधील विषारी वायू तर क्षणात माणूस बेशुद्ध करतात. सुरक्षासाधनांविना सफाईसाठी माणूस आत उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे; म्हणून यंत्राने सफाई करण्याची सोय वाहिनीच्या आराखड्यातच झाली पाहिजे.

सर्वांत कमी चर्चा होते ती शेजारच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाची. दोन नळांत 3 मीटर आडवे अंतर हवे. एकमेकांना ओलांडताना पाण्याचा नळ वर आणि मलवाहिनी किमान अर्धा मीटर खाली हवी. घाटकोपरच्या अरुंद गल्ल्यांत ते आडवे अंतर सहज मिळत नाही. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच येते. नळ रिकामा असताना दाब घटतो, आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचे दूषित पाणी आत खेचले जाते. अशा गल्लीत अर्ध्या मीटरचा नियम सोडणे म्हणजे रहिवाशांच्या आरोग्याशी तडजोड.

जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईत सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाच्या आणि सात मलजल प्रक्रिया केंद्रांच्या कामांचा प्रारंभ झाला. मालाड, वर्सोवा, भांडुप व घाटकोपरची केंद्रे त्यांतच आहेत. सात केंद्रांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे 2,460 दशलक्ष लिटर आहे. पण मलजल केंद्रापर्यंत पोहोचते ते वाहिनीच्या उतारावर. रस्त्यावर काँक्रीट पडल्यावर चुकलेला उतार सुधारायचा, तर तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक मॅनहोलच्या झाकणाची व वाहिनीच्या तळाची पातळी मोजून ती नकाशासह वॉर्ड कार्यालयात नागरिकांना पाहता यावी. ही नोंद असेल तर पुढच्या दुरुस्तीला कुठे आणि किती खणायचे, हे रस्ता फोडण्याआधीच कळेल.